सज्जन-सत्कार समितीची अडचण

तापीकाठच्या निंबोरीत आता भाजीवालीच गिऱ्हाइकाला सांगायची, "ताई, माझी वांगी नका घेऊ, आतून किडकी आहेत. शेजारणीकडची घ्या." शेजारीण लाजून म्हणायची, "माझीही कालचीच आहेत हो." मग दोघी मिळून गिऱ्हाइकाला तिसरीकडे पाठवायच्या. भरीत म्हणजे ज्या गावाचा जीव की प्राण, ते गाव सचोटीपायी दुधी भोपळा खाऊ लागलं होतं.

याला कारण प्रत्येकाच्या कानामागे चिकटवलेली मसुराच्या डाळीएवढी चकती. सरकारी कागदांत तिचं नाव 'संकल्पशामक'. गाव तिला टिकली म्हणे. दुसऱ्याचं वाईट करावं असं मनात येतं तेव्हा मेंदूत एक विशिष्ट लहर उठते, हात उचलण्याच्या पुष्कळ आधी. टिकली ती लहर ओळखायची आणि उलटी लहर सोडून तिला जागच्या जागी निजवायची. माणसाला पत्ता लागत नसे. आपण कशासाठी उठलो होतो ते विसरल्यासारखं फक्त वाटे. वर्षभर गाव राजीखुशीनं हा प्रयोग चालवत होतं. कुलपांच्या दुकानात आता पतंग मिळायचे. शेताच्या बांधावरून भांडणारे भाऊ तरी अजून हुज्जत घालत होते, पण बांध माझ्या बाजूला सरकव, तुझं रान वाढू दे म्हणून.

अडचण आली ती सज्जन-सत्कार समितीची. गावच्या स्थापनादिनी एका सज्जनाला शाल, श्रीफळ आणि मानपत्र द्यायची निंबोरीची जुनी प्रथा. सोहळा उद्यावर आला होता, हार सांगून झाले होते, आणि सज्जन ठरत नव्हता. वाचनालयात भरदुपारी समिती बसली होती: अध्यक्ष म्हणून निवृत्त मुख्याध्यापक भास्करराव नारखेडे, सदस्य म्हणून भजनी मंडळाच्या नलिनीताई झोपे, आणि प्रमुख पाहुण्या म्हणून टिकलीची जन्मदाती, डॉक्टर सायली खानोलकर.

"वारक्यांनी सापडलेली सोन्याची पोत परत केली," नलिनीताई म्हणाल्या.

"कोण करत नाही?"

"चौधरी सासऱ्यांची सेवा करतात."

"त्यांना विचारलं मी. म्हणाले, कोल्हेवहिनींना द्या. वहिनी म्हणाल्या, वारक्यांना द्या. वारके म्हणाले, चौधरींना. शाल गावाला प्रदक्षिणा घालून आली." भास्कररावांनी चष्मा पुसला. "पूर्वी कसं सोपं होतं. सत्कार मिळावा म्हणून चार जण माझ्याकडे आंब्याच्या पेट्या पाठवायचे. ते वगळले की उरलेल्यांत सज्जन आपोआप सापडायचा."

सायलीला हसू आवरेना. "गाव निर्मळ झाल्याचा तुम्हाला त्रास होतोय का सर?"

"त्रास टिकली होऊ देत नाही हो. नुसती पंचाईत होते."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. चौकात ब्यूटी पार्लर चालवणारी रेखा भंगाळे धापा टाकत आत आली. अंगावर अॅप्रन, हातांत रबरी मोजे.

"डॉक्टर तुम्हीच ना? ही बदलून द्या." तिनं कानामागची टिकली उपटून टेबलावर ठेवली. "बिघडलीय. आता माझ्या हातून अनर्थ झाला असता."

"बस आधी, पाणी पी," नलिनीताई म्हणाल्या. "काय झालं?"

"वंदना आली होती. माझी मोठी जाऊ. लेकीच्या लग्नासाठी केसांना सोनेरी बटा हव्यात म्हणाली. ब्लीच लावलं. डोळे मिटून निवांत बसली होती, आणि माझ्या मनात आलं, धुवायचंच नाही. वेळेवर धुतलं नाही तर केस तुटून हातात येतात. मांडवात टकली होऊन उभी राहू दे. नवरा गेल्यावर पंधरवड्यात मला घराबाहेर काढलं होतं तिनं, टिकल्या यायच्या आधी. आणि आता वर्षभर गोड बोलतेय. ते गोड बोलणंच जास्त टोचतं हो."

"मग?"

"मग काय? दात आवळले आणि धुऊन टाकलं. अर्धं डोकं तसंच ठेवून पळत आले."

सायलीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिनं पिशवीतून तळहाताएवढं वाचकयंत्र काढलं, टिकली पुन्हा रेखाच्या कानामागे बसवली आणि म्हणाली, "तो क्षण पुन्हा आठवा." पडद्यावर लहर ताडकन उभी राहिली. टिकली गप्प. सायलीनं दुसरी लावून पाहिली. तीही गप्प.

"टिकली ठीक आहे," ती सावकाश म्हणाली. "तुमची लहरच वेगळ्या लयीत उठते. टिकलीला ती ऐकूच येत नाही. रेखाताई, तुमच्यावर हिनं कधीच काम केलेलं नाही. वर्षभरात एकदाही."

मग भास्करराव खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे अख्ख्या गावाची दारं सताड उघडी, आणि ही एकटी..."

"मला काय माहीत! वाटलं, सगळ्यांचंच असं होत असेल." रेखा चिडली. "नलिनीताई, तुमच्या पाटल्या खिडकीत असतात. रोज दिसतात. रोज मनात येतं. रोज मान फिरवून पुढे जाते. मला वाटायचं, यालाच टिकली म्हणतात."

"अहो, मिळाला!" भास्कररावांनी टेबलावर थाप मारली. "गावातला एकमेव सज्जन मिळाला. बाकी आम्ही सगळे नुसते निरुपद्रवी."

वर्षभर जो चांगुलपणा सायली यंत्रात शोधत होती, तो समोर मोजे घालून बसला होता. तिच्या पिशवीत सुधारित टिकली होती, कोणतीही लय ओळखणारी. तिनं ती काढून तळहातावर ठेवली. "ही तुम्हाला लागू पडेल. पण एकदा विचार करा."

"लावा," रेखा ताबडतोब म्हणाली. "तुम्ही सगळे वर्षभर सुखानं झोपलात. मी एकटी स्वतःशी भांडतेय. दमले मी."

"थांब गं," नलिनीताई कळवळून म्हणाल्या. "लावायचीच तर उद्या सत्कार झाल्यावर लाव. नाहीतर पुन्हा आमची पंचाईत."

दारात वंदना उभी होती. गळ्याभोवती टॉवेल, अर्धं डोकं सोनेरी, अर्धं काळं. किती वेळ उभी होती कोण जाणे, पण ऐकलं सगळं होतं.

"असू दे रेखा," ती मऊ आवाजात म्हणाली. "माझ्या मनात काही नाही. मी माफ केलं तुला."

"तू मला माफ केलंस?" रेखा गर्रकन वळली. "तुझी माफी टिकलीची आहे, वंदनाताई. वर्षभर एक वाकडा शब्द नाही काढलास, पण चुकले असंही एकदा म्हणाली नाहीस. गोड बोलून भागत होतं ना सगळं."

वंदना क्षणभर गोंधळली. मग तिचा हात कानामागे गेला आणि तिनं टिकली ओढून काढली.

"अहो, एकदम नका..." सायली पुढे झाली.

वंदनाचे डोळे बारीक झाले, नाकपुड्या फुगल्या. वर्षभराचा राग एकदम चढताना तिघांनाही दिसला. "लेकीच्या लग्नात मला टकली करणार होतीस," ती दातांतून म्हणाली. रेखानं मान वर ठेवली. दोघी हातभर अंतरावर उभ्या. मग वंदनाच्या चेहऱ्यावर रागामागून दुसरं काहीतरी आलं, त्याहून जड.

"मी तुला पावसात बाहेर काढलं होतं ना गं," ती म्हणाली. "भांडीसुद्धा नेऊ दिली नव्हती."

रेखा मोज्याची बोटं ओढत राहिली.

वंदनानं गळ्याभोवतीचा टॉवेल सारखा केला. "चल. राहिलेलं अर्धं डोकं पूर्ण कर."

"आत्ता?" रेखा मागे सरकली. "मला अजून राग आहे. नवी टिकली लावून घेऊ दे आधी."

"नको. अशीच चल. मीही अशीच बसते."

रेखानं सायलीच्या तळहाताकडे पाहिलं, वंदनाच्या डोक्याकडे पाहिलं, आणि मोजे पुन्हा घट्ट ओढून घेतले. दोघी जावा एकमेकींकडे न बघता उन्हातून चौकाकडे निघाल्या.

"डॉक्टर," भास्कररावांनी हळूच विचारलं, "यात धोका किती?"

"पूर्ण," सायली म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. सुधारित टिकली अजून तिच्या हातात होती. धावत जाऊन द्यायला वेळ होता, पण ती जागची हलली नाही.

खिडकीपाशी नलिनीताई पार्लरचं दार लागताना बघत होत्या. त्यांचं बोट नकळत आपल्या कानामागे गेलं होतं. "सायली," त्या म्हणाल्या, "मी ही काढली, तर आत कोण सापडेल गं मला?"