मी कुणाची मानलेली बहीण नाही

करंजाच्या ढोलीत डबा होता, डब्यात पावसाचं पाणी होतं आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मी तो सरळ उपडा केला.

"ओ मॅडम… थांबा न — काऊन सांडून राह्यल्या?"

मागून एक पोरगा धावत आला. हातात मोबाईल, चपलेला चिखल, कपाळावर डास चावल्याची लाल गांध.

"तुमचा आहे डबा?"

"हो."

"मग डेंग्यू पण तुमचाच."

वर्ध्याच्या त्या बागेत मी डासांच्या मोहिमेवर हंगामी कामाला होते. सकाळच्या बसनं पवनारहून यायचं आणि टायर, करवंट्या, कुंड्या, जिथं पाणी साचलं तिथं ओतून टाकायचं. लोक शिव्या द्यायचे. घरात डास चालतात, पण एका पोरीनं येऊन कूलर रिकामा केलेला चालत नाही.

यानं शिव्या दिल्या नाहीत. उकिडवा बसून चिखलातून एक प्लास्टिकचा गेंडा आणि एक गोटी उचलली, शर्टाला पुसली.

"कोणता खेळ होय हा?"

"जिओकॅशिंग. एकानं डबा लपवायचा अन् ती जागा नेटवर टाकायची. दुसरा कोणी मोबाईल पाहत-पाहत येते अन् हुडकते. सापडला की आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, अन् डबा पुन्हा तिथंच लपवायचा."

"आजवर किती जणांले सापडला?"

त्यानं डबा उचलला. "तुम्ही पहिल्या."

मला हसायचं नव्हतं. हसू आलं.

त्याचं नाव धीरज. वडील सदाशिवराव, त्यांचं भांड्यांचं दुकान. दुसऱ्या दिवशी तो दुकानातला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन आला आणि माझ्यासमोर धरला — "तपासा मॅडम. पाणी शिरते का पाहा."

"मॅडम नको म्हणू. काजल म्हण."

"काजल," तो म्हणाला आणि उगाच पुन्हा म्हणाला, "…काजल."

मग रोजचंच झालं. मी पाणी हुडकायची, तो जागा. दोघांनाही कोपरे, ढोली, बाकांच्या खालच्या बाजू पाहायच्या असायच्या. भुरभुर सुरू झाली की कडुनिंबाखाली उभं राहायचो आणि डास आमच्यावर तुटून पडायचे.

"तुझ्या गालावर बसला आहे," एकदा तो म्हणाला. "मारू?"

"विचारत बसशील तवरीक पिऊन जाईल."

त्यानं हात उचलला. हात तसाच हवेत… मग वाकून त्यानं हलकेच फुंकर मारली. डास उडाला. आम्ही दोघं मात्र होतो तिथंच.

"धीरज, काय चालू आहे बे?"

मोतीलाल काका. सदाशिवरावांचे दोस्त, बागेत फेऱ्या मारणारे. बाकावर पोरगा-पोरगी दिसली की यांना आपल्या घरी चोरी झाल्यासारखं वाटतं.

"कोण होय ही पोट्टी?"

मी धीरजकडे पाहिलं. तो चपलेकडे पाहत होता.

"बहीण आहे काका. म्हणजे… मानलेली."

मानलेली. ज्या ओठांनी आत्ता फुंकर मारली होती, त्याच ओठांनी.

"असं काय," मोतीलाल काका गोड हसले. "मग राखीले घरी बोलाव न तिले. सांगतो मी सदाशिवले."

आणि त्यांनी सांगितलं. संध्याकाळच्या आत धीरजच्या आईचं, शकुंतलाबाईंचं, आमंत्रण आलं.

"बांधून टाक न एकदा," धीरज मला बसस्टँडवर म्हणाला. "त्यांचा संशय जाईल. मंग आपण आहोच न आपले. नुसता धागा तर आहे."

"मंगळसूत्र पण नुसता धागाच असते. त्याच्यासाठी तर लोक मांडव घालते."

"काजल, बाबा लय कडक आहे…"

"माह्या घरचे काय पेढे वाटून राह्यले का? माही माय सकाळ-संध्याकाळ विचारते, बागेत एवढे कोणते डास आहे म्हणून. मी येतो राखीले. तू पाटावर बसजो."

त्याचा चेहरा आधी खुलला, मग उतरला. मी बसमध्ये चढले.

राखीला गेले. अंजूनं, त्याच्या सख्ख्या बहिणीनं, आधी बांधली. धीरज पाटावर, डोक्यावर रुमाल, कपाळाला टिळा, डोळे खाली. दारातल्या खुर्चीवर सदाशिवराव. शकुंतलाबाईंनी माझ्यासाठी नवी साडी आणून ठेवली होती. बाई मनानं चांगली. तिच्याच समोर बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"राखी नाई आणली का बाई? असू दे, अंजूजवळची घे." त्यांनी राखी माझ्या हातात दिली.

धीरजनं मनगट पुढे केलं.

मी राखी ताटात ठेवली.

"काकू, मी याची बहीण नाई. मोतीलाल काकांनी विचारलं तवा हा भ्याला अन् बोलून गेला. माह्यं प्रेम आहे याच्यावर. याचं आहे का नाई, ते यालेच विचारा."

शकुंतलाबाईंनी ताट उचललं.

"कोणाची पोरगी तू?" सदाशिवराव.

"पवनारच्या शेतकऱ्याची."

"अन् आमच्या घरात येऊन हे सांगून राह्यली?"

"घरात बोलावलं तुम्हीच, काका. नाई म्हणायचं तर सून म्हणून नाई म्हणा, मी ऐकून घेतो. बहीण म्हणून हो म्हणू नका."

ते उठून उभे राहिले. "धीरज. बांधून घे राखी."

मी धीरजकडे पाहिलं नाही. एवढा मान मी माझाही राखला. त्याला मनगट तसंच ठेवायचं असेल, तर मला पवनारची बस होती, आणि आयुष्यात पुन्हा त्या बागेचं तोंड पाहणार नव्हते.

पाट सरकल्याचा आवाज आला.

"नाई बाबा." धीरज उभा राहिला होता. "मी खोटं बोललो. तिच्यापायी नाई, तुम्हाले भेऊन."

"लोकांले काय सांगू मी?"

"पोराचं प्रेम आहे म्हणा. नाईच सांगवलं, तर मी सांगतो."

सदाशिवराव चपला घालून बाहेर गेले. दार आपटलं. शकुंतलाबाई ताट घेऊन तशाच उभ्या. मी जायला वळले तशा त्या म्हणाल्या, "थांब."

थांबले. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. डोळे पुसले आणि पोराला म्हणाल्या, "सोडून ये तिले घरी. गाडीवर. अन् मागच्या गल्लीतून नेऊ नको."