चित्रातली पाठमोरी

त्या दिवशी मी फक्त बाक बघायला गेलो होतो. नव्या बागेचं काम संपलं होतं. बाक तेवढा तिरका बसलाय, असं माळीबुवांनी कळवलं होतं.

बागा आखणं हा माझा धंदा. सरळ रेघ मला खपत नाही. वाट वळणाची हवी, तळ्याचा काठ वेडावाकडा हवा, वठलेलं झाड तसंच उभं हवं आणि लांबवर एक पडकी भिंत. नसली तर नवी बांधायची आणि वरून पाडायची! बायको हसायची, "अहो, आधी घरातली ओल आलेली भिंत बघा की." पण बाग आखण्याआधी मी जे चित्र काढायचो, त्या प्रत्येकात बायकोच असायची. देखाव्यात लांब एक माणूस लागतो, पाठमोरा, म्हणजे बघणाऱ्याची नजर त्याच्याबरोबर पुढे जाते. "हलू नकोस, मी सांगेपर्यंत," असं बजावून मी तिला उभी करायचो.

या बागेच्या वेळी पाऊस भुरभुरत होता. तिने न वळताच विचारलं, "झालं का हो? अंग मोडून आलंय."

"दोन मिनिटं," मी म्हणालो. त्याचा तास झाला. रात्री तिला ताप भरला आणि पाचव्या दिवशी ती इस्पितळातच वारली. तेव्हा मी घरी त्याच चित्रात रंग भरत होतो. जाताना तिचा चेहरा मी पाहिला नाही. ही गोष्ट मला जाळत राहिली.

तर मी बाकावर बसलो. उन्हं उतरली होती. पडक्या भिंतीपाशी कुणीतरी उभं होतं... चित्रातलीच निळी शाल, पाठमोरी.

मी धावलो. भिंतीला वळसा घालून समोर गेलो, तर तिकडूनही पाठच.

"झालं का हो?" तिने विचारलं.

झालं म्हणालो तर ती जाईल. "थांब... दोन मिनिटं," मी म्हणालो. महिनाभर रोज हेच म्हणत राहिलो.

शेवटी मुलीला सांगितलं. मला वाटलं, वेड्यात काढेल. ती रडायलाच लागली. "बाबा, आईला आणखी किती उभं ठेवणार?"

दुसऱ्या संध्याकाळी मी मन घट्ट केलं. "झालं. वळ आता."

ती वळली नाही. "आता नको... तुम्हाला बघवायचं नाही." मग म्हणाली, "तुम्हीच पाठ करून बसा. मी सांगेपर्यंत हलू नका."

तेव्हापासून मी बाकावर उलटा बसतो. "साहेब, एवढा देखावा केलात आणि तोंड कुंपणाकडे?" माळीबुवा विचारतात. मागे गवतात पावलं वाजतात, रोज थोडी जवळ. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण मी हलत नाही.

काल मानेला तिचा श्वास लागला. चांगलाच कढत होता. तिचा ताप अजून उतरलेला नाही.