बस्त्याव आजोबांचे पणजोबा का पडले?

“इंजिन धडधाकट. टाकीत पेट्रोल. वादळ नाही. तरी हा वैमानिक ढगात शिरला आणि गरगरत खाली आला. मागे बसलेल्या टेहळ्यालाही (वरून शत्रूची ठाणी टिपून घेणारा) घेऊन मेला. का? मूर्ख होता म्हणून!”

संग्रहालयात डागडुजी करून ठेवलेल्या, पहिल्या महायुद्धातल्या दोन पंखी लढाऊ विमानाची गोष्ट तिथली माहिती सांगणारी मुलगी शलाका रोज अशीच सांगायची. लोक खो खो हसायचे. आज एक म्हातारे, बस्त्याव आजोबा, हसले नाहीत.

“तो माझा पणजोबा, बाय. मूर्ख नव्हता.”

“मग विमान वळतंय एवढंही कळलं नाही त्याला?” शलाका फणकारली.

बस्त्याव आजोबांनी विमानाच्या पंखावरून एकदा हात फिरवला आणि ते निघून गेले. पाचच्या यानाने ते चंद्रावर, लेकीकडे कायमचे चालले होते.

“बस माझ्यावर,” भिंगरी म्हणाली. ती संग्रहालयातली फिरती खुर्ची, म्हणजे यंत्रमानवच. “डोळे बांध. कुठे वळतेयस ते सांग.”

“डावीकडे! अजून डावीकडे... आता हळू. हां, थांबलीस.”

“पट्टी काढ.”

खुर्ची तेवढ्याच वेगाने फिरत होती!

“खोटारडी!”

“मी नाही, तुझे कान. आत अर्धवर्तुळाकार नलिका (कमानीसारख्या बारीक नळ्या) असतात, त्यांत पाण्यासारखा द्रव. तू वळलीस की तो मागे रेंगाळतो, केसांसारखे बारीक तंतू वाकतात, मेंदूला वळण कळतं. पण तसंच वळत राहिलीस तर द्रवही बरोबर फिरायला लागतो. तंतू सरळ होतात. मेंदू म्हणतो, सरळ चाललोय. ढगात डोळेही कामाचे नाहीत. आणि तसंच वळत राहिलेलं विमान तिरकं होऊन गरगरत खाली घसरतं.”

“वळण दाखवायला काटा नव्हता?”

“होता. पण काट्याकडे बघणाऱ्याला सोबती हसायचे. खऱ्या वैमानिकाला म्हणे अंगानेच कळतं.”

शलाकाचा चेहरा पडला. ती यानतळाकडे धावत सुटली. पोचली तेव्हा यान नुकतंच उडालं होतं. धापा टाकत तिने निरोप पाठवला, “आजोबा, त्यांचे कान फसले. कुणाचेही फसले असते. मी उगाच हसवलं लोकांना. चुकले.”

लगेच आजोबांचा आवाज आला.

“आम्ही ढगात आहोत, बाय. खिडकीबाहेर सगळं पांढरं. पायलट पोरगी तुझ्याहून फार मोठी नाही. मघापासून बघतोय, काट्यावरून नजर हलवत नाही ती.”