पक्कं काम

उलट्या पायांच्या हडळी आणि झाडावरचे मुंजे तुम्ही आपापसात सांगा, पोरांनो. मला ती पोरखेळाची भुतं नकोत. मी सांगतो ते माझ्या सख्ख्या चुलत्याच्या बाबतीत घडलं. येसाजी मिस्त्री त्याचं नाव, खोपोलीच्या शिळफाट्यावर मोटारी दुरुस्त करायचा. हाताला गुण होता, जिभेला हाड नव्हतं.

साल सेहेचाळीस. मार्गशीर्ष वद्य अष्टमी, सोमवार. कर्जतच्या भातगिरणीच्या मालकीण आनंदीबाई, त्यांचा निरोप आला की आमची मोटार चार वर्षं शेडमध्ये उभी आहे, ती चालती करून रात्रीतून खोपोलीला पोचव, सकाळी तिथे गिऱ्हाईक बघायला यायचंय. येसाजी हत्यारांची पेटी आणि तांब्याच्या नव्या नळीचं भेंडोळं घेऊन दुपारी कर्जतला गेला.

मोटार एकतीस सालची. टपावर कोंबड्यांची शीट, गादीत उंदरांची बाळंतपणं. येसाजीने नाक मुरडलं. त्याला जगात कुणाचंच काही पटत नसे. मोटारीचे मालक गाढव, ड्रायव्हर त्यांच्याहून गाढव, आणि दुसरे मिस्त्री सगळे साबणे. 'साबण्या' ही त्याची ठेवणीतली शिवी. पेट्रोलची नळी गंजून गळायला लागली की अडल्यावेळी तिथे कपड्याचा साबण मळून चोपडतात. पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही, गळती थांबते. पण घर गाठण्यापुरतीच. वाळला की तडकतो.

येसाजीने खाली शिरून जुनी नळी ओढली, तर ती वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखी हातात मोडली. आतून नुसता गंज. एका सांध्यावर मात्र साबणाचा गोळा होता, आगीने करपलेला, दगडासारखा घट्ट. त्यात अंगठ्याचा ठसा, आणि ठशावरून तिरपी चीर.

येसाजीच्या उजव्या अंगठ्यावर तशीच तिरपी चीर होती. लहानपणी करवत लागली होती त्याची.

आता बेचाळीस सालचं ऐका. लढाईमुळे नळ्या मिळत नव्हत्या. ही मोटार तेव्हा जलाल चालवायचा, खालापूरचा, गरीब स्वभावाचा माणूस. नळी गळते म्हणून तो मोटार येसाजीकडे घेऊन आला. येसाजीने साबण चोपडला. त्यात काही पाप नव्हतं, अडचणीला सगळेच चोपडायचे. पण जन्मभर दुसऱ्यांना साबण्या म्हणणाऱ्याने ते कबूल कसं करायचं? तो म्हणाला, "नवी नळी टाकली रं. पक्कं काम. कंदील धरून बघ, थेंब नाय दिसायचा."

जलालने त्या शब्दावर विश्वास ठेवला. दुसऱ्या रात्री पळसदरीच्या वळणावर वास आला म्हणून त्याने बॉनेट उघडलं आणि निर्धास्तपणे कंदील जवळ नेला. लोकांनी माती टाकून मोटार विझवली. जलाल तीन दिवस जगला.

आणि आमचे चुलते चावडीवर छाती काढून काय म्हणाले? "माजी नळी पक्की होती. साबण त्यानंच मागनं चोपडला." सगळ्यांना पटलं. आनंदीबाईंनी जलालच्या बायकोला, झोहराला, गिरणीच्या खोलीतून बाहेर काढलं. मालकाची मोटार जाळणाऱ्याची बायको, म्हणून गावभर बोट दाखवायचे तिच्याकडे. माझाच चुलता तो, पण थू त्याच्या मिस्त्रीपणावर.

तर ती मोडकी नळी येसाजीने साबणासकट उचलली आणि गिरणीच्या इंजिनाच्या भट्टीत टाकली. तूस धडधडत होतं. साबण जळून ठसा नाहीसा होईपर्यंत तो उभा राहिला. मग शीळ घालत नवी नळी बसवली, टोकं फुलवली, नट आवळले, इंजिन चालू करून बघितलं. सगळं कोरडं. काम खरंच पक्कं होतं, ते मान्य केलं पाहिजे.

साडेनऊला तो एकटाच निघाला. चंद्र उगवायला अजून अवकाश होता. पळसदरी स्टेशन मागे पडलं. वळण आलं आणि इंजिन खोकलं. बंद पडलं.

पेट्रोलचा वास आला.

"हॅत् तुझ्या," म्हणत तो उतरला. रस्त्यावर पाठ टेकून मोटारीखाली शिरला. अंधारात सांधा चाचपला. सांधा ओला होता. सदऱ्यावर थेंब पडला. मग दुसरा. शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण ह्या कामाचा मिस्त्री तो स्वतःच.

रस्त्यावर उजेड पडला. कुणीतरी कंदील घेऊन येत होतं. खालून फक्त वहाणा दिसत होत्या. पाय सरळच होते, तुमची उलट्या पायांची हौस तिथेही भागली नाही.

"मिस्त्री, गळतंय?"

"तू तुज्या वाटंनं जा. आन् कंदील लांब धर, अक्कल हाय का?"

"नवी नळी टाकली ना?"

"टाकली."

"मंग काम पक्कं हाय?"

सवयीने येसाजीच्या तोंडून गेलं, "पक्कं."

"मंग कंदील जवळ आणतो."

तो आवाज त्याने ओळखला. चार वर्षं ऐकला नव्हता.

उजेड खाली आला. वीतभर. पुन्हा वीतभर. येसाजीचा सदरा पेट्रोलने भिजला होता. त्याला सरकायचं होतं. पाय हलेनात.

"लांब... लांब धर..."

"का? काम पक्कं हाय ना?"

कंदील धरलेला हात मोटारीखाली आला. मनगटापासून पुढे कातडी...

येसाजीने डोळे मिटले. काचेची धग गालाला लागली.

"साबण कोणी चोपडला, मिस्त्री?"

येसाजीने तोंड फिरवलं. धग त्या गालालाही लागली.

"कोणी?"

"...मी."

"मोठ्यानं."

"मी चोपडला. जलाल... मीच चोपडला."

उजेड गेला. विझल्याचा आवाज नाही. रॉकेलचा वास नाही. पावलं नाहीत. सदऱ्यावर पडणारा थेंबही थांबला.

उजाडेपर्यंत तो रस्त्याच्या कडेला बसून होता. मग चालत कर्जतला गेला आणि गिरणीत, सगळ्या माणसांसमोर, आनंदीबाईंना खरं काय ते सांगितलं. लगेच साधुसंत समजू नका त्याला. भ्याला म्हणून सांगितलं. भल्या माणसाने चार वर्षं आधी सांगितलं असतं. आनंदीबाईंनी झोहराला बोलावून खोली परत दिली, वर चार माणसांत तिची माफी मागितली, तेवढं बाईंनी बरं केलं. येसाजीही मान खाली घालून तिच्यासमोर उभा राहिला. ती रडली नाही.

"तवा बोलला असता मिस्त्री, तर तो सुखानं गेला असता," ती म्हणाली. "तीन दिवस येकच बोलत होता. साबण मी नाय लावला, मी नाय लावला."

पुढे आयुष्यात आमच्या चुलत्याने कुणाला साबण्या म्हटलं नाही.

आता एक राहिलं. सकाळी निघण्यापूर्वी, चांगलं दिसायला लागल्यावर, त्याने मोटारीखाली वाकून बघितलं होतं. नवी तांब्याची नळी, काल त्याच्याच हाताने कापलेली. पेटीत साबणाचा तुकडासुद्धा नव्हता. तरी सांध्यावर साबण चोपडलेला होता. पिवळा, ताजा, ओला. त्यात अंगठ्याचा ठसा होता. येसाजीने भीत भीत आपला अंगठा त्यावर ठेवला. तिरप्या चिरेसकट तो बरोबर बसला.