बटण दाबलं की डावीकडे

तिच्या लाँचने त्याला पाण्यात पाडलं, तेव्हा त्या दोघांची अजून ओळखसुद्धा झालेली नव्हती.

झालं असं. ती खाडीपलीकडून माणसं घेऊन येत होती. धक्का दिसायला लागल्यावर तिने नेहमीप्रमाणे रेडिओचा माईक उचलला, बटण दाबलं आणि म्हणाली, "धक्का, मी येतेय, जागा करा." एवढं बोलून होईपर्यंत लाँचने - कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सुकाणूला हात लावला नव्हता - झटक्यात डावीकडे मान वळवली आणि तिथे बांधलेल्या एका होडक्याला ढुशी दिली. होडक्यात एक तरुण उभ्याउभ्याच डबा खात होता. पुढच्या क्षणी होडक्यात फक्त डबा होता.

लाँचमधली सगळी माणसं एका सुरात "अगंबाई!" म्हणाली. त्यात पुरुषही होते.

ती माईक हातात धरून, तोंड उघडं ठेवून, थिजून उभी. पाण्यातून एक डोकं वर आलं. एखाद्याने शिव्या घातल्या असत्या. याने डोळ्यांवरचे केस बाजूला केले आणि विचारलं, "तुम्ही आत्ता बोलायचं बटण दाबलं होतंत का?"

"अं... हो."

"परत दाबा बरं."

"अहो, आधी वर तर या!"

"येतो. आधी दाबा."

तिने दाबलं. लाँच आणखी डावीकडे वळली. त्याला पुन्हा बुडी मारावी लागली. वर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "वा!" तो म्हणाला. गवयाला दाद द्यावी तसा.

धक्क्याच्या कोपऱ्यावर ज्याने नुकतंच रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं होतं, तो हाच.

तिला बसलेला धक्का अजून ओसरला नव्हता, तोच दुसरा समोर उभा राहिला. बंदराचे तपासनीस. हा गृहस्थ हसलेला कुणी पाहिला नव्हता. त्याच्या बायकोने पाहिला असावा, पण तीही खात्रीने सांगत नसे. "शनिवारी मी स्वतः लाँचवर येणार," ते म्हणाले. "बटण दाबल्यावर लाँच नाकासमोर चालली तर परवाना राहील. वळली, तर माणसं बसवायची नाहीत."

माणसं बसवायची नाहीत, म्हणजे संपलंच. बाबांनी जन्मभर ही लाँच चालवली. त्यांचे गुडघे बोलायला लागल्यावर ती चालवू लागली. बाबा आता घरी, स्वयंपाकघरात ठेवलेल्या लाँचच्या जुन्या, बोलायच्या रेडिओला कान लावून, लेक कुठे पोचली ते दिवसभर ऐकत बसायचे. घर चालत होतं ते या लाँचवर. तिकिटं फाडायला हात मोकळे राहावेत म्हणून आदल्याच दिवशी तिने सुकाणू सांभाळणारं एक यंत्र बसवून घेतलं होतं. दिशा सांगितली की ते लाँच सरळ नेणार, अशी विक्रेत्याची हमी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवाला हजर झाला. लाँच धक्क्याला करकचून बांधली. पंप, दिवे, खोली मोजायचं यंत्र, फोनचा चार्जर - सगळं त्याने बंद केलं.

"आता एकेक चालू करत जाऊ, कप्तान. दरवेळी बटण दाबून तुम्ही काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. फक्त जरा लांब बोला."

"एक, दोन, तीन, चार..."

"इतकं रुक्ष बोललात तर लाँच तोंड फिरवेल नाही तर काय!"

"मग तुम्हीच सांगा ना, काय बोलू ते."

"मी सांगितलं तर... ते माझं बोलणं होईल." आणि कान लाल करून तो पंपाकडे वळला.

पंप निर्दोष निघाला. दिवे निर्दोष. चार्जरमुळे थोडी खरखर यायची, पण सुकाणूचं चाक जागचं हलत नव्हतं. सुकाणूचं यंत्र चालू केलं मात्र - तिने बटण दाबताच चाक आपोआप गर्रकन डावीकडे. मग त्याने केबिनची फळी उचकटली, आत डोकावला आणि तसाच राहिला.

"हे... हे कुणी केलं?"

आत वायरींची वेणी होती. तिपेडी, घट्ट, एकसारखी, शेवटी फितीने बांधलेली.

"बाबांनी," ती म्हणाली. "आई लवकर गेली. माझ्या शाळेच्या वेण्या तेच घालायचे. मी केस कापले, तेव्हापासून त्यांना मोकळं काही बघवत नाही. नवं यंत्र आलं, तेव्हा त्याचीही वायर गुंफून दिली."

"सुंदर आहे," तो म्हणाला, आणि थट्टा करत नव्हता. "पण रेडिओची वायर आणि सुकाणूची वायर एकाच वेणीत आल्यात. तुम्ही रेडिओवर बोलता, आणि यंत्राला वाटतं हुकूम आपल्यालाच आला. सोडावी लागेल."

"मी नाही हं सांगणार बाबांना."

"मी विचारतो."

त्याने खरंच विचारलं. बाबा एवढंच म्हणाले, "ओढू नका. खालून सुरुवात करा."

त्याने खालून सुरुवात केली. वायरींना दुखू नये अशा बेताने एकेक पेड सोडवत होता. ती शेजारी दिवा धरून बसली होती. त्याची बोटं बघताबघता स्वतःच्याच टाळूवर शहारा येतोय हे लक्षात आल्यावर तिने दिवा उगाच दुसऱ्या हातात घेतला.

शुक्रवारी वायरी वेगवेगळ्या बाजूंनी नेऊन झाल्या. केबिनचं छत बुटकं, म्हणून तो गुडघ्यावर बसला. खिशातून एक छोटी डबी काढली, तिच्याकडे बघत उघडली. आत काळंभोर, गुळगुळीत, अंगठीसारखं कडं.

तिने घाईघाईने हात पुसले. आत्ता? इथे? पंपाशेजारी?

"हे घातलं की इकडची गडबड तिकडे जात नाही," तो म्हणाला, आणि कडं वायरीत ओवलं.

"...छान," ती म्हणाली. आपल्याला इतकं वाईट का वाटावं, याचाच तिला धक्का बसला. रात्रभर तो काही उतरला नाही.

शनिवारी तपासनीस आले आणि पुढच्या बाकावर ताठ बसले. रेडिओवाला चाकाशेजारी उभा. खाडी शांत. यंत्र चालू.

"बोला," तपासनीस म्हणाले. "लांब."

तिने बटण दाबलं. एक, दोन, तीन म्हणायचं ठरवलं होतं. पण तो शेजारी होता, आणि तोंडातून भलतंच आलं. "काल तुम्ही डबी उघडलीत तेव्हा मला वाटलं, कडं माझ्यासाठी आहे. वायरीला घातलंत, त्याचा मला अजून राग आहे. ओव्हर."

लाँच फाडकन डावीकडे वळली.

ती पांढरीफटक पडली. गेला परवाना... आणि अब्रूही.

"वळली," तपासनीस म्हणाले.

"यंत्राने नाही, साहेब!" रेडिओवाल्याला धड बोलता येत नव्हतं. "मी... मी दचकलो. चाकावर पडलो. हे बघा, हात."

तपासनिसांनी हात पाहिला. चाक पाहिलं. "मग चाचणी बाद. चाकापासून लांब उभे राहा. बाई, परत बोला. तेच वाक्य. चाचणीत बदल चालत नाही."

"साहेब, तेच?"

"शब्दन् शब्द."

परवान्यासाठी माणसाला काय काय करावं लागतं! तिने डोळे मिटले, बटण दाबलं आणि शब्दन् शब्द म्हणाली. या वेळी आवाज कापला नाही. राग आहे म्हणताना तर ती किंचित हसलीसुद्धा. डोळे उघडले, तेव्हा मागे पाण्यावर फेसाची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

"लाँच सरळ आहे," तपासनीस म्हणाले. "बाकीचं माझ्या अखत्यारीत येत नाही." आणि ते मुद्दाम पाठ करून समुद्राकडे बघत बसले. त्यांचे खांदे हलत होते.

रेडिओवाल्याने खिशातून तीच डबी काढली. आत, कापसाखाली, दुसरं कडं. "ही जोडीनेच मिळतात," तो म्हणाला. "दुसरं कालच द्यायचं होतं... पण तुम्ही नुसतंच छान म्हणालात."

तिने अंगठा घालून पाहिला. कडं ढगळ होतं. काढलं मात्र नाही.

तेवढ्यात रेडिओ खरखरला आणि स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला.

"पोरी, पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. मला काय, सगळ्या बंदराला आलं." मागे कुकरची शिट्टी झाली. "माणूस बरा आहे. वेणी सोडताना ओढली नाही त्याने. संध्याकाळी जेवायला घेऊन ये. ओव्हर."