छत्री आत, छत्री बाहेर

ओली छत्री कुठे वाळत घालावी हे न कळून तो डोळ्यांच्या दवाखान्याच्या नोंदणी-खोलीत शिरला. वरच्या मजल्यावर तो डेटाबेस सांभाळायचा. कुणाचं काहीही अडलं की म्हणायचा, "आधी कंस बघा." म्हणून सगळे त्याला कंसमामा म्हणत.

नोंदणीचं काम बघणारी ती कपाळाला हात लावून बसली होती.

"कंसमामा, बरे सापडलात. काही फोन नंबरांत शून्याऐवजी ओ अक्षर पडलंय. तेवढेच शोधायचं सूत्र लिहिलं, तर या संगणकानं अख्खा दवाखाना समोर आणून ठेवला."

तो तिच्या पडद्याकडे वाकला. त्याच्या बाहीवरचा थेंब तिच्या मनगटावर पडला... तिनं तो पुसला नाही.

"चौकोनी कंसात शून्य ते नऊ, म्हणजे त्या एका जागी यातला कुठलाही अंक. ते बरोबर आहे. पण ही टोपी, ही ^ खूण, कंसाबाहेर राहिली."

"टोपी कसली, छत्री दिसतेय."

"बरं, छत्री. कंसाबाहेर उघडली, तर अर्थ – इथून सुरुवात. म्हणून अंकानं सुरू होणारे सगळेच आले. कंसाच्या आत उघडली, तर – हे सोडून दुसरं काहीही."

तिनं खूण आत सरकवली. मोजकेच नंबर उरले. प्रत्येकात एक गरगरीत ओ.

"एवढीशी खूण, आणि केवढा मामा केला माझा."

"एक सांगू? तुम्ही तरी मला मामा म्हणू नका."

"का बरं?"

तो छत्रीच्या मुठीशी चाळा करत राहिला. "दुसऱ्या शाखेत बोलावलंय मला. आज कळवायचंय. इथं थांबायला कारण नाही असं नाही... पण त्या कारणाला विचारायचा धीर होत नाही."

तिनं वर बघितलं. डोक्यावरच्या छतावर त्याची पावलं वाजली नाहीत, तर दिवस कसा सरायचा?

ती उठली. त्याच्या हातातली छत्री घेऊन दाराबाहेर पायरीवर गेली आणि तिथं उघडली. वर पाऊस ताडताड वाजू लागला.

"बाहेर उघडली तर काय म्हणालात?"

"इथून..." तो अडखळला. "इथून सुरुवात."

"मग दारात का उभे? चहा घेऊन येऊ. त्या शाखेला काय ते नंतर कळवा."

"नाहीच कळवणार आहे."

तरी तो जागचा हलेना.

"अहो, या ना," ती म्हणाली – आणि आपण काय बोलून गेलो ते कळताच तिनं छत्री जरा खाली ओढली, चेहरा झाकेल इतकी.

तो वाकून छत्रीच्या आत शिरला.