सातगोळी श्वास घेते

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर तो तिच्या पुढे चढत होता. हातांत भलंमोठं खोकं. त्यात जुने बूट, गंजकी बिजागरी, वाळूची पिशवी आणि सगळ्यांच्या वर, पडू की नको असा विचार करत बसलेला एक कंदील. लिफ्ट बंद, म्हणून ती मागून धापा टाकत आलेली. ‘जरा बाजूला होता का’ म्हणण्यासाठी तिने नुसता श्वास आत घेतला. शब्द अजून तोंडातच होते... आणि तो मागे न वळताच म्हणाला,

"सातगोळी?"

ती पायरीवर थबकली. पाठीला डोळे असलेली माणसं तिला ठाऊक होती (तिची आई त्यातलीच), पण पाठीला कान? हे नवीन होतं.

"आपली ओळख आहे का?"

"तुमची नाही. माझी आहे." तो वळला आणि स्वतःचंच वाक्य ऐकून गोंधळला. "म्हणजे... मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही बोलायच्या आधी असा छोटासा श्वास घेता. हळूच, दातांच्या फटीतून. अजून कोणी घेत नाही तसा. मी कात्री."

आता सातगोळी कोण आणि कात्री कोण, हे सांगायलाच हवं. सातगोळी ही एका ऑडिओबुकातली बंदूकवाली. ज्या इतिहासात आगगाडीचा शोध कधी लागलाच नाही आणि टपाल पंखांचे घोडे नेतात, त्या इतिहासातल्या एका उजाड मुलखात ती एकटी फिरते. बाकीच्यांच्या पिस्तुलात सहा गोळ्या, हिच्या पिस्तुलात सात. सातवी कशाची बनवलीय ते ज्यांना कळतं, ते दुसऱ्याला सांगायला उरत नाहीत. हे अख्खं पुस्तक आपल्या नायिकेने मोठ्याने वाचून रेकॉर्ड केलं होतं. कुठे? घरच्या कपाटात बसून! गाद्या-रजयांमध्ये आवाज घुमत नाही ना, म्हणून. वय एकोणीस, आयुष्यातलं पहिलं काम. रोजचं वाचन पाठवलं की संध्याकाळी निरोप यायचा– ‘पान बेचाळीस. खुर्ची वाजली. परत वाचा.’ खाली सही, कात्री. कारण तिचे खोकले, अडखळणं, खाकरणं कापून सगळं गुळगुळीत करायचं काम त्याचं होतं. ऑफिसात त्याला सगळे कात्रीच म्हणायचे.

तिने मनातल्या मनात त्याला पन्नाशीचा, पित्ताचा त्रास असलेला गृहस्थ ठरवून टाकलं होतं. आणि हा तर फार तर बावीसचा! हेडफोन लावून लावून केस कानांवर चपटे, मधले मात्र कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे. हसताना त्याचे आधी डोळे हसायचे, तोंडाला बातमी मागाहून पोचायची.

"मला वाटलं होतं तुम्ही म्हातारे असाल," ती म्हणाली.

"मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल. बंदूकवाली म्हणजे..."

"पाच फुटांत सात गोळ्या आरामात बसतात."

"बसतात. दिसतंच आहे," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "हे बूट बघितलेत? हे तुमचे पाय. तुमच्या पावलांच्या आवाजासाठी बुटांत हात घालून मीच ते वाळूत चालवतो."

"म्हणजे दोन महिने मी बोलतेय आणि चालतोयस तू?"

अहो-जाहो तिथेच, त्या पायरीवर गळून पडलं.

पण वर, ऑडिओबुकं काढणाऱ्या त्या ऑफिसात, जिथे तिला आज पहिल्यांदाच बोलावलं होतं, वेगळंच वाढून ठेवलं होतं. ऑफिसच्या मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, तिला खुर्चीवर बसवलं आणि फोन स्पीकरवर लावला. पलीकडे पुस्तकाच्या लेखिका होत्या.

"मुलगी वाचते छान," लेखिका म्हणत होत्या, "पण माझी सातगोळी मेलेली वाटते हो. मी पस्तीस वर्षं नर्स होते. श्वास न घेणारं माणूस मला लांबून कळतं. सोमवारपर्यंत ती जिवंत झाली नाही, तर मी दुसरा आवाज शोधते. या भागाला आणि पुढच्या दोन्ही भागांनाही."

फोन बंद झाला. तिला आधी घरचे आठवले. जन्मभर तिला ‘भोंगा’ म्हणून चिडवणारा दादा गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंना सांगत होता, "आमच्या हिच्या आवाजाचं पुस्तक येतंय." पहिल्यांदाच... अगदी पहिल्यांदाच भोंग्याचा कोणाला अभिमान वाटला होता.

"इतकं कोरडं वाचलंस होय गं?" मोठ्या बाईंनी विचारलं. "आज शुक्रवार. अकरा तासांचं पुस्तक दोन दिवसांत पुन्हा वाचायला घसा लोखंडाचा हवा. आणि तुझं मूळ रेकॉर्डिंग तर जागा करायला आपण पुसूनही टाकलं."

ती मान खाली घालून बसली. दारात कात्री उभा होता, खोकं अजून हातातच. गप्प राहिला असता तर त्याच्या केसालाही धक्का लागत नव्हता. पण काही माणसांना हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौसच असते बघा.

"तिने चांगलं वाचलं होतं, बाई," तो म्हणाला. "चूक माझी आहे. मला वाटलं, आवाज जितका स्वच्छ तितका चांगला. मी तिचे सगळे श्वास कापले. एकूण एक."

"सगळे?"

"दोन हजार तीनशे सोळा."

"मोजलेस कशाला?"

"मोजले नाहीत... ठेवलेत. एका फोल्डरमध्ये. टाकवले नाहीत."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुझं काय करायचं ते मंगळवारी बघते," त्या म्हणाल्या. "आधी ते सगळे जिथले तिथे बसव. तिला शेजारी घे. तिचे श्वास, तिलाच ठाऊक."

बाहेर येताच तिने त्याला गाठलं. "लोक तिकिटं साठवतात. शंख-शिंपले साठवतात. तू माझे श्वास साठवलेस? मला न विचारता?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "हो. विचारायला हवं होतं. चुकलं माझं. तू म्हणत असशील तर आत्ता पुसतो."

त्याने ते खरंच पुसले असते, हे तिला दिसत होतं. मंगळवारी त्याची नोकरी जाईल की राहील कोण जाणे, आणि तरी हा आधी तिची परवानगी मागत होता. तिचा राग जरा वेळ तिथेच घुटमळला आणि मग निघून गेला.

"आत्ता पुसलेस तर तुला खुर्चीला बांधीन," ती म्हणाली. "चल. पहिलं प्रकरण लाव."

शनिवार आणि रविवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. भिंतींना करडा स्पंज लावलेली इवलीशी खोली, दोन खुर्च्या, दोन हेडफोन आणि एकच माउस. फोल्डरात प्रत्येक श्वासावर प्रकरणाचा आकडा होता, पण तो नेमका कुठल्या वाक्याआधीचा, ते कुठेच नव्हतं. तो एकेक वाजवायचा, ती डोळे मिटून ऐकायची.

"हा मोठा. हा घोड्यावर चढायच्या आधीचा."

"आणि हा?"

"हा फौजदार तिला ‘पोरी’ म्हणतो तेव्हाचा. चिडलेय बघ मी."

"हा तुटका? अर्ध्यात थांबलाय."

तिने डोळे उघडले. "पाचवं प्रकरण. दरीवरचा दोरीचा पूल."

"तिथे? तिथे तर ती शीळ घालत जाते. सातगोळी कुठे घाबरते?"

"घाबरते रे. कोणाला दिसू देत नाही एवढंच."

त्याने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग घाईघाईने पडद्याकडे वळून तो तुटका श्वास पुलाच्या तोंडाशी नेऊन बसवला, आणि दोघांनी मिळून ऐकला. खरंच... बाई तीच, पूल तोच, शीळही तीच. पण आता तिच्याबरोबर आपणही खाली दरीत बघत होतो.

माउस एकच असल्याने हाताला हात लागायचे. पहिल्या दिवशी दोघंही "सॉरी" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी कोणी म्हणेना.

सोमवारी दहा वाजता लेखिकाबाईंचा फोन आला. स्पीकर लावायच्या आधी मोठ्या बाई टेबलावरचं पाणी घटाघटा प्यायल्या.

"रात्रभर ऐकलं. उठून बसली हो," लेखिका म्हणाल्या. आवाज थोडा ओला होता. "पुलावर ती घाबरते हे मी लिहिलंसुद्धा नव्हतं. माझ्या मनात होतं फक्त. त्या मुलीला सांगा, पुढचे दोन्ही भाग तिचेच. आणि ज्याने हे जोडलं, त्यालाही सोडू नका."

मोठ्या बाईंनी फोन ठेवला आणि कात्रीकडे पाहिलं. "ऐकलंस? मंगळवार रद्द. पळा आता दोघं, मला कामं आहेत."

स्पंजच्या खोलीत येऊन दोघं आपापल्या खुर्च्यांत कोसळले. जिवात जीव आला होता.

"एक राहिलाय," तो म्हणाला. "मी मुद्दाम तुला दाखवला नव्हता. चौदाव्या प्रकरणातला आहे, पण कुठेच बसत नाही."

त्याने वाजवला. लांब श्वास, आत ओढलेला, वर जरासा थांबलेला... आणि सुटताना त्यात मिसळलेलं हसू. चौदाव्या प्रकरणात सातगोळी तीन दिवस उन्हात अडकलेली असते. तिथे हसणार कोण?

ती लाल झाली. अशी लाल की कपाळापर्यंत.

"तो पुस्तकातला नाही."

"मग?"

"माझा घसा बसला होता बघ त्या आठवड्यात. वाचता वाचता फोन उजळला. तुझा निरोप होता. पान नाही, ओळ नाही. नुसतं ‘आज वाचू नका. कोमट पाणी प्या.’" तिने खुर्चीच्या हातावरचा सुटलेला दोरा ओढायला घेतला. "मी रेकॉर्डिंग थांबवायला विसरले असेन."

मग त्याने फोन उचलला आणि अंगठ्याने भराभर काहीतरी लिहू लागला.

"काय करतोस?"

"निरोप लिहितोय तुला."

तिने फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि पालथा टेबलावर ठेवला. "लिहून नको. दोन महिने मी बोलले, तू ऐकलंस. आता तू बोल."

"मला बोलता येत नाही नीट. म्हणून तर मी हेडफोनच्या या बाजूला..."

"बोल."

त्याने सुरुवात केली. थांबला. घसा खाकरला. "तू... म्हणजे मला... ते श्वास मी ठेवले, कारण टाकवतच नव्हते. पहिल्या दिवसापासून. आणि आता तू समोर आहेस, तर... आवडतेस तू मला. खूप."

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

आलं होतं. अक्षर न् अक्षर आलं होतं. पण अशी गोष्ट कोणी एकदाच ऐकून उठतं का?

त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली, सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि पुन्हा म्हणाला. या वेळी एकदाही न अडखळता. आणि घरादारात भोंगा म्हणून गाजलेल्या त्या मुलीने उत्तर दिलं ते इतक्या हळू, इतक्या हळू, की ऐकायला त्याला अगदी जवळ यावं लागलं.

"मलाही."